डब्यावरचे दोन हात

संशोधनाचा विषय तुम्हीच काढलात, तर आता माझी फजिती ऐकाच. चहा निवू दे थोडा. बायकोला हे मी लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं, यावरून काय ते समजा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी राहायला हुबळीत आणि पीएचडी धारवाडला. विषय असा, की सांगताना मधे श्वास घ्यावा लागे: परदेशी अन्नमदत, मुलांचं आरोग्य आणि राष्ट्राराष्ट्रांमधले संबंध. आमचे अण्णा वकील. मुलगा काय करतो, असं कुणी विचारलं की ते सांगत, "शाळेतल्या उप्पिट्टावर अभ्यास करतो." मला राग यायचा, पण खरं म्हणजे तेच करत होतो.

त्या वेळी खेड्यातल्या शाळांत पोरांना दुपारी उप्पिट्टु मिळायचं. पिवळा रवा अमेरिकेचा आणि तेलही अमेरिकेचं. तेलाच्या डब्यावर एक चित्र असायचं, एकमेकांत घट्ट धरलेले दोन हात. म्हणजे दोन देशांची मैत्री. हे चित्र बघून आपल्या खेडुताच्या मनात काय उमटतं, हा माझा प्रश्न. हसू नका, तेव्हा मला तो फार मोठा वाटत होता.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी पॅसेंजरनं अळणावर स्टेशन गाठलं आणि तिथून चालत एका खेड्यात. शाळेत उप्पिट्टु शिजवणारी गंगक्का मला घरी घेऊन गेली. आत जातो तर कोपऱ्यात तोच डबा, रिकामा. आणि त्या दोन हातांवर, अगदी बरोबर हातांवर, हळदकुंकू! कडीत वाळलेलं झेंडूचं फूल. शेजारच्या घरात गेलो, तिथंही तेच. तिसऱ्या घरातही तेच. मी वहीचं नवं पान उघडलं.

"अक्का, ह्या डब्याची पूजा करता?"

"करतो की. वरसातनं एकदा."

"सगळ्या घरांत?"

"सगळ्या घरांत. न करून कसं चालंल?"

"का बरं करता?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "पोट भरतंय न्हवं त्येच्यावर."

इथं आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पण तो माझ्या प्रश्नावलीत नव्हता.

परत येऊन तीस पानं बडवली. परदेशी मदतीला आपल्या ग्रामीण समाजानं देवत्व दिलं आहे, मैत्रीचे दोन हात आता लोकदैवत होत आहेत, परराष्ट्र खात्यांनी याची दखल घ्यावी, वगैरे वगैरे. माझ्या सरांनी निबंध वाचून एवढंच विचारलं, "नक्की ना?"

"सर, डोळ्यांनी बघितलंय."

आणि नेमके तेव्हाच अमेरिकेहून एक प्राध्यापक धारवाडला आले. आमच्यातल्या एकाला वर्षभरासाठी तिकडं न्यायचं होतं, शिष्यवृत्तीवर. उमेदवार दोघंच, मी आणि देशपांडे. देशपांड्याचं काम मलेरियाच्या फवारणीवर, नुसते तक्ते. त्याला माझी भीती वाटत होती आणि मला त्याची कीव येत होती. मी तर कोप्पीकर रोडवर जाऊन सुटाचं मापही देऊन आलो होतो.

पाहुण्यांनी माझा निबंध रात्रीतून वाचला आणि सकाळी म्हणाले, "हे मला बघायलाच हवं." लगेच जीप निघाली. पुढं पाहुणे, मागं सर आणि मी. दुभाषा अर्थात मीच. सर जन्मानं धारवाडचे, कन्नड-मराठी दोन्ही घरची, त्यामुळं भाषांतरात इकडचं तिकडं करायची सोय नव्हती.

गंगक्कानं कांबळं अंथरलं, चहा दिला. पाहुण्यांना डबा दिसला. ते उठले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"ह्ये का डब्याला नमस्कार घालाय लागल्यात?" गंगक्कानं मला विचारलं.

"त्यांच्या देशाचा आहे तो."

"असू दे की."

पाहुणे म्हणाले, "त्यांना विचारा, पूजा करताना मनात कोण असतं?" मी विचारलं.

"कोण म्हंजे? खंडेनवमीला जे जे राबतंय त्येला कुक्कू लावायचं. ईळा, नांगर, जातं. ह्या डब्यानं जोंधळं मोजतो, म्हून ह्यालाबी लावलं. केरसुणीलाबी लावलं. ती काय अमेरिकेची हाय?"

खंडेनवमी! मी त्या गावात गेलो होतो तो खंडेनवमीनंतर पाचव्या दिवशी. तरी शेवटचा प्रयत्न केला. "पण अक्का, कुंकू बरोबर त्या दोन हातांवरच का?"

"मधोमध हाय न्हवं चित्र. कडंला लावलं तर पुसून जातंय."

मी इंग्रजीत सुरुवात केली, "ही एक प्राचीन आणि गूढ परंपरा..." सर खाकरले. "सगळं सांगा," ते म्हणाले, "केरसुणीसकट." मग सांगितलं केरसुणीसकट.

पाहुणे रागावले नाहीत. त्यांनी पिशवीतून माझा निबंध काढला आणि विचारलं, "मग हे काय आहे?" प्रत्येक पानाच्या वरच्या कडेला एक पुसट लाल डाग होता. मी म्हटलं, "टाइपरायटरची रिबन अर्धी लाल असते, तिचा असेल."

गंगक्कानं मान पुढं करून डागावर अंगठा घासला. "रिबीन कसली? कुक्कू हाय ह्ये. मशीनवर लिवलासा न्हवं? त्या मशीनीची पूजा झाल्या घरात."

टाइपरायटर अण्णांचा, वकिलीचा. दरवर्षी खंडेनवमीला देवघरासमोर पाटावर बसतो. त्याच्या रुळाला लावलेलं कुंकू माझ्या तीसही पानांवर उतरलं होतं. सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, बराच वेळ पुसत राहिले. सगळं भाषांतर मलाच करावं लागलं.

परत येताना पाहुण्यांनी देशपांड्याच्या तक्त्यांबद्दल दोनदा विचारलं, तेव्हा शिष्यवृत्ती गेली हे कळलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. धारवाड आलं तसे पाहुणे मागं वळले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "एक शेवटचा प्रश्न. तुमच्या घरी ती टाइपरायटरची पूजा कोण करतं?"

काय सांगणार? सोवळं नेसून, आरतीसकट, मीच.