घाम आला म्हणून पंखा लावला

नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात मी नर्स होते तेव्हाची ही गोष्ट. आठवली की आजही किळस येते. माझी स्वतःचीसुद्धा.

हरसूलकडच्या एक आजी मधुमेहामुळे जनरल वॉर्डात होत्या. सकाळी मी त्यांना इन्सुलिन टोचलं. त्यानंतर लगेच पोटात काहीतरी जायलाच हवं आणि ते पाहणं माझं काम. पण नाश्त्याची ट्रॉली यायच्या आधीच इन्चार्ज सिस्टर आल्या.

"वर स्पेशल रूममध्ये चल. पेशंटला भेटायला पुढारी येतायत. शेजारी नर्स उभी दिसली पाहिजे."

"मॅडम, आजींचा नाश्ता व्हायचाय."

"मावशींना सांग ना! त्यात काय एवढं?"

मावशी म्हणजे वॉर्डाची झाडलोट करणाऱ्या, सायखेड्याच्या. "आजींकडे लक्ष ठेवा," एवढंच बोलून मी जिना चढले.

वरच्या पेशंटला ॲसिडिटी झाली होती. अत्तराच्या वासात, त्यांच्या उशा नीट करत, मी पाऊण तास हसऱ्या चेहऱ्यानं उभी राहिले. मग दारातून दिसलं, नाश्त्याची ट्रॉली पाहुण्यांसाठी तिथंच अडवून ठेवलेली. कुणालाही न विचारता मी खाली पळाले.

आजी घामानं चिंब. हाकेला ओ नाही.

"झोपल्यात," मावशी म्हणाल्या. "घाम लय आलता, मंग पंखा लावला मी."

मशीनवर साखर अडतीस; सत्तरच्या खाली गेली की धोका, आणि घाम ही त्याचीच खूण. डॉक्टरांना ओरडून बोलावलं, शिरेतून ग्लुकोज दिलं. काही मिनिटांनी आजींनी डोळे उघडून पाणी मागितलं.

दुपारी इन्चार्जनी कागद पुढे सरकवला. "लिही, मावशींनी वेळेवर कळवलं नाही." मावशी दारातच उभ्या होत्या, हातात ओलं फडकं. इन्चार्जनी त्यांच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. मला शिसारी आली.

मी लिहिलं: इन्सुलिन मी दिलं, नाश्ता न पाहता मी गेले, काय दिसलं तर बोलवायचं हे मावशींना मी सांगितलं नाही. मला वर कुणी पाठवलं, तेही लिहिलं. मेमो मला मिळाला. आजी चार दिवसांनी घरी गेल्या. मावशींना मात्र तरीही कपडे धुण्याच्या खोलीत हलवलं.

मी माफी मागायला गेले.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "घाम आला तर हाक मारा, येवढं सांगितलं असतं, तर मी पळत आले नसते का?"

"पळत आल्या असत्या तुम्ही," मी म्हणाले. त्या चादरी पिळत राहिल्या.