कॅप्टनचा पहिला बॉल

आमचे हे गोल्फ क्लबचे कॅप्टन झाले, तेव्हा नवघरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना वाटलं, रिटायर झाल्यावर माणूस जहाजावर लागला. मी कुणाची चूक दुरुस्त करायला गेले नाही. जहाजावर लागले असते तर बरंच झालं असतं, निदान जेवायच्या वेळेला घंटा तरी वाजली असती.

हे सरकारी खात्यात इंजिनिअर होते आणि मी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. परभणीकडच्या खेड्यातून अनवाणी शाळेत गेलेला हा माणूस. नोकरीत एकदा छावणीच्या गावात बदली झाली, तिथल्या साहेबलोकांना खेळायला चौथा गडी कमी पडत होता म्हणून त्यांनी यांच्या हातात काठी दिली, आणि ती जी लागली ती लागलीच. पांढरा बॉल काठीने लांब फेकायचा आणि मग तो शोधत चालत जायचं, हा तो खेळ. शोधायचाच आहे तर मुळात फेकता कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

क्लब उत्तनच्या अंगाला, तारोडीच्या वरच्या डोंगरावर. आमच्या घरून जायचं म्हणजे फ्लायओव्हर ओलांडून पश्चिमेला उतरायचं, मुर्धा, राई मागे टाकायचं आणि खाडीचा वास संपून सुक्या मासळीचा वास सुरू झाला की वर वळायचं. बॉल घालवायचे खड्डे नऊच. उन्हाळा लागला की गवत पिवळं पडतं आणि पाणी टँकरचं. पण मेंबरांचा रुबाब असा की विलायतेत राहतात आणि झोपायला फक्त मीरारोडला येतात.

यांच्या आधीचे कॅप्टन सगळे मोठ्या गाड्यांतले. वर्षातून एकदा ब्लेझर घालून यायचे, सकाळी पहिला बॉल मारायला आणि मग कप वाटायला. बाकी वर्षभर कॅप्टन कुठे असतो हे विचारायची पद्धत नव्हती, कारण सगळं मॅनेजर बघायचा. त्या वर्षी मॅनेजर कंटाळून सोडून गेला, नवीन कुणी टिकेना, आणि नेमकं त्याच वर्षी अध्यक्षांना आमचे हे आठवले. अध्यक्ष म्हणजे बांधकामातला माणूस, बोलतो हिंदी, मध्येच गुजराती, आणि ज्याच्याकडून काम काढायचंय त्याच्याशी लाडात. आपके जैसा सिन्सियर आदमी नहीं मिलेगा, म्हणाला. मी चहा ठेवत होते, तिथूनच मला समजलं की हा मॅनेजर शोधायला आलाय. यांना नाही समजलं. किंवा समजलं असेल आणि समजून घ्यायचं नसेल. दुसऱ्या दिवशी ब्लेझर शिवायला टाकला. घालून आरशासमोर उभे राहिले तेव्हा डोळे भरले होते. मी बघितलं आणि भाकऱ्या थापायला गेले.

यांना त्या सगळ्यात हवी होती एकच गोष्ट, पहिला बॉल. त्या क्लबाची रीत अशी की वर्षाच्या मोठ्या कपाच्या दिवशी सगळे मेंबर बायकापोरांसकट जमतात आणि कॅप्टन एकटा पुढे होऊन पहिला बॉल मारतो. समोर मैदानात सगळे कॅडी उभे असतात. कॅडी म्हणजे मेंबरांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहणारी माणसं, बहुतेक तारोडीकडची, कोळ्यांच्या घरातली. बॉल पडला की ती धावतात. ज्याच्या हाती तो लागेल त्याने तो आणून कॅप्टनला द्यायचा, कॅप्टनने त्याला शाल घालायची, आणि त्या दिवशी तो कॅप्टनच्या शेजारी, मुख्य टेबलावर जेवायला बसतो. बाकी वर्षभर कॅडी मागच्या शेडमध्ये डबा खातात, हे सांगायला नको.

हे एकदा खाडीच्या रस्त्याने फिरताना मला म्हणाले होते, "माझा बाप गावात पंगती उठल्यावर पत्रावळ्या उचलायला जायचा. मला एकदा त्या टेबलावर बसायचंय, आणि शेजारी कुणाला तरी बसवायचंय." मी टोमणा मारणार होते, नाही मारला. त्या एका जेवणासाठी बाकीचं वर्ष सोसायचं होतं.

आणि सोसलं म्हणजे किती. टँकर आला नाही, कॅप्टन. बाथरूमला पाणी नाही, कॅप्टन. सहाव्या खड्ड्यात कुत्रीने पिल्लं घातली, कॅप्टन. कुणा बाईला लंचमधला भात थंड लागला, लगेच ग्रुपवर भाताचा फोटो आणि खाली, कॅप्टनसाहेब, धिस इज व्हेरी सॅड. अहो, तुमचा भात थंड झाला त्याचं दुःख माझ्या नवऱ्याने का करायचं? त्याच वेळी त्याचा भात आमच्या टेबलावर थंड होत होता. वर्षभरात हा माणूस एक जेवण सलग जेवला नाही. घास हातात आणि फोन कानाला. मी म्हणायचे, जेवतोय म्हणून सांगा ना, एवढा एक शब्द. तर म्हणायचे, अगं, कॅप्टन आहे मी, असं कसं सांगू? घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतात असं म्हणतात, यांना तर घरचं खाऊही देत नव्हते. आणि खेळ? खेळायला मिळतच नव्हतं. कॅप्टन झाल्यापासून यांच्या काठ्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या स्टँडशेजारी उभ्या होत्या. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मग व्हायचं तेच झालं. केटररशी भांडण मिटवून एका दुपारी हे स्वतः गाडी चालवत घरी आले. दारातच मी तोंड बघितलं. घाम, राखेसारखा रंग, आणि म्हणतात काय, ॲसिडिटी झालीय. वॉर्डात जन्म गेला माझा, मला ॲसिडिटी शिकवतात. रिक्षा बोलावली, बसवलं, वाटेत गोळी जिभेखाली ठेवली. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसवला, वाचले. डॉक्टर भला माणूस होता. काही आठवड्यांनी म्हणाला, चाला, खेळा, गोल्फ तर उत्तमच. फक्त कटकट नको. म्हणजे खेळायला परवानगी आणि कॅप्टनगिरीला बंदी. मी तो कागद फ्रेम करून लावणार होते.

राजीनामा द्या म्हटलं तर कॅलेंडर बघायला लागले. कप दोन महिन्यांवर आला होता.

तेवढ्यात अध्यक्ष आणि कमिटीचे दोघे फळांची टोपली घेऊन आले. आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्यांची नजर आधी भिंतीवरच्या फोटोवर जाते, मग बुद्धाच्या मूर्तीवर, मग सोफ्यावर, आणि मग ते जरा जपून बसतात. मला याची सवय आहे. कमिटीचे दोघे तसेच बसले. अध्यक्षांनी यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं की कमिटीने ठराव केलाय, कॅप्टनचं ओझं कमी करायचं. खरं सांगते, क्षणभर मला तो माणूस आवडला. मी आतून काजू आणले.

काजू खात त्यांनी ओझं कमी केलं. कपाच्या दिवशी भाषण करायचा ताण नको, भाषण अध्यक्ष करतील. स्टेजवर उभं राहून कप वाटायची दगदग नको, ते उपाध्यक्ष करतील. आणि पहिला बॉल मारायचा तर प्रश्नच नाही, छातीवर जोर येतो. तो या वर्षी प्रमुख पाहुणे मारतील, टाइल्सवाले आहेत, कपाचे स्पॉन्सर. अब आप सिर्फ आराम करो, कॅप्टनसाब.

मी विचारलं, टँकर कोण बघणार? केटरर, पार्किंग, बाथरूम? अध्यक्ष हसले. वो तो भाभीजी, साहब के बिना होगा ही नहीं.

बघा म्हणजे. ब्लेझर घालून करायचं तेवढं सगळं जड, ते त्यांनी उचललं. बनियनवर करायचं ते हलकं, ते यांना ठेवलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार झालेली मी खूप पाहिली, पण आयजीचाच जीव वाचवायला आलोय असं सांगणारी बायजी त्या दिवशीच पाहिली. उरलेले काजू मी बशीसकट आत नेले.

ते गेल्यावर हे बराच वेळ टोपलीतल्या सफरचंदांवरचे स्टिकर काढत बसले. मला वाटलं, आता तरी भडकतील. शेवटी म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, छातीवर जोर येतो. मला असा संताप आला! हार्ट ॲटॅकने जे केलं नव्हतं ते या लोकांनी अर्ध्या तासात आणि फुकटच्या काजूंवर केलं होतं.

कपाच्या दिवशी मी ठरवून गेले. पैठणी नेसले आणि पहिल्या रांगेत बसले, कुणी उठवून दाखवावं. हे ब्लेझर घालून, गळ्यात शिट्टी अडकवून पार्किंगमध्ये. लोक गाडीची चावी यांच्या हातात द्यायचे. एकाने तर वर म्हटलं, संभालके, नयी है.

भाषण झालं. अध्यक्षांनी खेळभावना आणि सेवाभाव यांवर बरंच काही सांगितलं. मग टाइल्सवाले उठले. पांढरी पँट, पांढरे बूट, टोपीवर स्वतःच्याच कंपनीचं नाव. समोर मैदानात कॅडी अर्धगोलात उभे राहिले. फोटोवाला सरसावला. टाइल्सवाल्यांनी काठी हातात घेतली ती क्रिकेटच्या बॅटसारखी, आणि मग हळूच अध्यक्षांच्या कानात काहीतरी म्हणाले. त्यांना खेळता येत नव्हतं. स्पॉन्सर शोधताना हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. अध्यक्षांनी इकडेतिकडे बघितलं. त्यांना तरी कुठे येत होतं धड. मग वर्षभर जे केलं तेच केलं. माईकवरून हाक मारली, "कॅप्टनसाब, ज़रा आके इनको दिखाओ ना, कैसे मारते हैं."

हे पार्किंगमधून चालत आले. शिट्टी गळ्यातच. गवतात लाकडी खुंटी रोवायला वाकले, तेव्हा मी नजर वळवली, यांच्या छातीच्या काळजीने नाही, ते वाकणं बघवेना म्हणून. खुंटीवर बॉल ठेवला. टाइल्सवाल्यांच्या हातातून काठी घेतली. पाय असे ठेवायचे, खांदा असा, नजर बॉलवर, हे सगळं त्यांना नीट, शिक्षकासारखं समजावून सांगितलं. नुसतं दाखवायचं होतं. काठी मागे गेली, आणि खाली आली, आणि बॉल गेला.

असा गेला की काय सांगू. मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण आवाज कळला. स्वच्छ, एकच ठोका. बॉल समुद्राच्या बाजूच्या आभाळात दिसेनासा झाला आणि पार लांब, गवत जिथे जरा हिरवं होतं तिथे पडला. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांना काय माहीत, कुणाचा बॉल. अध्यक्ष माईकवर म्हणत राहिले की ये नहीं, ये तो ट्रायल था, अभी होगा. पण कॅडी केव्हाच धावत सुटले होते.

नंतर यांना विचारलं तर म्हणाले, हात गेला गं सवयीने. हात आपोआप कसा जातो ते मी इतकी वर्षं पेशंटांत बघितलंय. हा हात तसा गेला नव्हता.

एक उंच, चाळिशीचा कॅडी धापा टाकत आला. टाइल्सवाल्यांनी हात पुढे केला होता. त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग यांच्याकडे, आणि बॉल यांच्या हातात ठेवला. "घ्या कॅप्टन. तुमचा हाय."

टेबलावर शाल होती, ती टाइल्सवाल्यांनी घालायची म्हणून आणलेली. यांनी उचलली आणि त्याला घातली. गळ्यातली शिट्टी काढून शालीच्या जागी टेबलावर ठेवली. फोटोवाल्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, त्याने फोटो काढला.

जेवणाच्या वेळी हे मुख्य टेबलावर बसले. एका बाजूला तो कॅडी, दुसऱ्या बाजूला मी. टाइल्सवाले बिचारे पलीकडे बसले आणि विचारत होते की बूट इथे कुठे धुता येतील. कॅडी आधी खुर्चीच्या कडेवर टेकला होता. यांनी स्वतः त्याला वाढलं, तसा सरकून नीट बसला.

पहिला भात संपत आला आणि अध्यक्ष मागून आले. घाईत होते. वाकून यांच्या कानाशी म्हणाले की टँकर अजून पोचला नाही, बाथरूमला पाणी नाही, लेडीज ओरडतायत, ज़रा देखो ना.

यांनी घास केला, खाल्ला, पाणी प्यायले. मान वळवली नाही.

"जेवतोय," म्हणाले.