ओवीसाठी एक मैत्रीण

कुठल्या तोंडानं सांगू, माझ्या एका बोटानं माझ्या पोरीचं पार वाटोळं केलं होतं!

आमी शिवऱ्याचे, घर हायवेला लागून. माझी ओवी तिसरीत. पुण्याच्या डॉक्टर बाईंनी तिला एडीएचडी सांगितलंय. म्हणजे मन एका जागी ठरत न्हाई, राग आला की आवरत न्हाई. खेळात हरली की समोरचीला ढकलती, मग स्वतःच रडत बसती. डबा खायला तिच्याजवळ कुणी बसत नव्हतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "एकच मैत्रीण घरी बोलवा. थोडाच वेळ. हळूहळू जमेल."

मी लगेच बहिणीला व्हॉइस मेसेज केला. "अगं, त्या एडीएचडीमुळं ओवीशी कुणी खेळंना. परवा तर एकीला चावली. तिच्या वर्गातल्या स्वराला बोलवू का? पोरगी गरीब हाय, पण आई लई खडूस!"

बहिणीला कुठला? गेला वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर!

पुसेपर्यंत सगळ्यांनी ऐकला. एकीनं विचारलं, "हा आजार लागतो का?" दुसरी म्हणाली, "चावल्यावर इंजेक्शन घ्यायचं का?"

दुसऱ्या दिवशी ओवीच्या बाकावरची पोरगी उठून मागं जाऊन बसली. ओवी घरी आली आन् तिनं विचारलं, "आई, मी काय कुत्रं हाय का?"

मी तशीच उठले, पायात चप्पल घातली.

तिला घेऊन मी स्वराच्या घरी गेले, माफी मागायला. त्यांचं घर पण हायवेलाच. तिची आई दारातच उभी.

"खडूस बाईकडं कशाला आलात?"

"चुकलं माझं, वैनी."

"आधी पोरीला बांधून ठेवा!"

झालं! माफी राहिली बाजूला. मी अशी तोंड सोडून भांडले की रस्त्यावरचे टेम्पोवाले गाडी हळू करून बघायला लागले. दम लागला तेव्हा कळलं, ओवी शेजारी न्हाई.

समोर गाड्या सुसाट! हाका मारत घरामागं पळाले.

गोठ्याजवळच्या दगडावर ओवी आणि स्वरा बसल्या होत्या. अगदी शांत. मी भिंतीआडच थांबले.

स्वरा विचारत होती, "तुझी आई रोज अशी वरडती?"

"व्हय. तुझी?"

"माझी पण. पण तुझी जास्त."

ओवी पहिल्यांदाच ऐटीत म्हणाली, "मंग! पार टोलनाक्यापर्यंत ऐकू जाती!"