खिरापतीत काय होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी भाजी करपली तरी सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका फक्त.

मी इंदिरानगरातल्या एका शाळेत शिकवते. शिवाय नाशिकच्या इतर शाळांमध्ये, कधी पार चांदवडपर्यंत जाऊन, शिक्षकांना शिकवते — एखाद्या मुलाला खाण्यातून जीवघेणी ॲलर्जी झाली तर काय करायचं. ओठ सुजले, आवाज बसला, श्वासाला शिट्टी लागली की वाट बघायची नाही. इंजेक्शनचं पेन मांडीत, कपड्यावरूनच, आणि लगेच हॉस्पिटल. लोक माझं ऐकतात, कारण मी एका मुलीचा जीव वाचवलाय. ते खरंच आहे. पण तेवढंच नाही.

सई तेव्हा तिसरीत, माझ्याच वर्गात. तिला शेंगदाणा अजिबात चालत नसे. वर्षाच्या सुरुवातीलाच तिच्या आईने ते पेन माझ्या हातात दिलं, कसं टोचायचं ते स्वतःच्या मांडीवर दाखवलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, काय एकेक लाड! आपल्याकडे पोरं दाण्याच्या कुटावरच वाढतात, आणि हिला म्हणे दाणा चालत नाही. पेन पर्समध्ये टाकून दिलं.

मग नवरात्रात शाळेचा भोंडला आला. पाटावर काढलेला हत्ती, भोवती परकर-पोलक्यातल्या मुली, गाणी. शेवटी खिरापत — झाकलेल्या डब्यात काय आहे ते मुलींनी ओळखायचं, आणलेल्याने सांगायचं नाही. तीच तर गंमत. त्या दिवशी डबा माझा होता. दाणे मीच भाजले होते, सालं पाखडली होती, खजूर घालून लाडू वळले होते. सईसाठी वेगळं काही न्यायला हवं, हे लक्षात होतं. नेलं नाही.

मुली ओरडत होत्या — वडी, चिवडा, करंजी. सई जवळ आली, माझा पदर ओढला आणि कानात विचारलं, "बाई, यात दाणे आहेत का हो?"

जरा थांबते इथे.

मला माहीत होतं. विसरले नव्हते, गोंधळलेही नव्हते. वाटलं, खाईल एक लाडू, काही होणार नाही, मग तिच्या आईला गोड शब्दांत सांगता येईल की बघा. "नाहीत गं," मी म्हणाले. "खा."

तिने लगेच खाल्ला. बाईंनी सांगितलं होतं ना.

पुढचं फार पटकन झालं. ओठ टरारून सुजले, आवाज गेला, श्वास ओढताना शिट्टी वाजायला लागली. मी पर्समध्ये नुसती चाचपडत होते. पेन सापडलं, पण टोचायचं कुठे, तेच सुचेना. तिने — एवढ्याशा पोरीने — परकरावर हात ठेवून जागा दाखवली. मी पेन दाबलं. आणि बंद होत आलेला श्वास परत आला. आधी थोडा, मग आणखी थोडा. तिची छाती वर-खाली होताना मी बघत राहिले. देवळात उभं राहूनही मला कधी तसं वाटलेलं नाही. नुसता श्वास चालू असणं केवढं अचाट आहे, हे तोवर कुठे माहीत होतं मला?

गंगापूर रोडच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, वेळेत दिलंत म्हणून वाचली. तिची आई माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरले. मग ती रडत रडत सईवर रागावली, "किती वेळा सांगितलंय, खायच्या आधी विचारायचं! का नाही विचारलंस?"

सईने ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला, माझ्याकडे पाहिलं. "विसरले," म्हणाली.

का केलं असेल तिने तसं? भीतीने? की माझी दया आली? त्या एका शब्दापुढे मी थक्क झाले, अजूनही आहे. आणि मी तोंड उघडलं नाही.

डबा कुणाचा होता, हे त्या गडबडीत कुणी विचारलंच नाही. शाळेने मला शाल-नारळ दिला. सई आता कॉलेजात जाते. रस्त्यात दिसली की थांबते, तब्येत विचारते. तो विषय तिने कधीच काढला नाही.

प्रत्येक प्रशिक्षणात कुणीतरी विचारतंच — मुलीला माहीत होतं, तर तिने खाल्लं कसं? मी म्हणते, लहान होती, विचारायला विसरली. मागच्या आठवड्यातही म्हणाले.

ती विसरली नव्हती. तिने विचारलं होतं.