पाय उचलते, मग पोळ्या का नाही?

जठारपेठेतल्या मंडळींनो, राग उतरायच्या आत लिहितो आहे. उतरला की मी फारच सभ्य लिहितो.

आमच्या सौ. सुमनची पाठ ओट्यावरून पडल्यापासून अधू आहे, हे तुम्ही जाणताच. इथल्या डॉक्टरांनी तिला सतरंजीवरचा व्यायाम शिकवला: उताणं पडायचं, श्वास सोडत पोट आत घ्यायचं आणि एकेक पाय सावकाश उचलायचा. हे सुटलं तर हातात काठी कायमची, असं त्यांनी बजावलं आहे.

आज दुपारी तिवशाच्या आमच्या काकू तिला पाहायला आल्या. आजाऱ्याला पाहायला जाणं हे आपल्याकडे संध्येइतकंच नित्यकर्म. सुमनचा पाय नेमका वर होता.

"काहून वं सूनबाई? पाय त मस्त उचलून राहिली! मंग पोळ्या काहून होत नाई तुह्यानं?"

सुमननं पाय खाली घेतला, पांघरूण ओढलं आणि कण्हू लागली. दुखत नव्हतं हो काही! पण आपल्याकडे कण्हेल ती आजारी आणि बरी होऊ लागेल ती ढोंगी.

मी म्हणालो, "काकू, पोळ्या मी करतो. नकाशे होतात, पण पोट भरतं."

"बायकोचा गुलाम!" असं म्हणून काकू चहा न घेताच गेल्या. चहाही मीच करणार होतो.

आत्ता सुमन आतून कडी लावून व्यायाम करते आहे. कण्हायला दार उघडं चालतं, बरं व्हायला मात्र कडी लावावी लागते. तुमच्या घरीही असंच आहे का हो?