माधवची उंच कॉलर

नीताचा फोन आला तेव्हा मी एका नवरदेवाच्या जॅकेटची बाही उसवत बसले होते. "शुभाताई, माधव गेला," एवढंच ती म्हणाली... फोन ठेवला आणि मी उसवतच राहिले, हात थांबेचनात. खरं सांगू? धक्का बसला नाही. राग आला, आणि इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही.

माधव माझा पुण्याचा कॉलेजमित्र, नीता त्याची बायको. एडिनबराच्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि चाळिशीत या पठ्ठ्यानं बॅगपाइप शिकायला घेतला! शेजाऱ्यांनी कौन्सिलकडे तक्रारी केल्या, तरी सोडला नाही. पुढे लग्नांना, फ्यूनरलना त्याला बोलावणी येऊ लागली. मीही इथेच, एडिनबरात, पायपरांचे म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्यांचे डब्लेट शिवते; किल्टवर, त्या स्कॉटिश पुरुषी घागऱ्यावर घालायचे, अंगाला घट्ट बसणारे कोट. मिलिटरी डब्लेट गळ्यापर्यंत हुकांनी बंद, खांद्यांवर कापडी पंख, कमरेखाली रुंद फ्लॅप्स. सिव्हिलियन समोरून उघडा, आत वेस्टकोट आणि बो टाय. माधव कायम सिव्हिलियनवाला. मिलिटरी दिसला की म्हणायचा, "गळा आवळून फुंकायचं कसं गं? मी काय शिपाई आहे?"

म्हणून गेल्या स्प्रिंगमध्ये त्यानं मिलिटरी डब्लेट मागितला तेव्हा मी त्याची यथेच्छ टिंगल केली. "काय रे, भरती झालास की काय?" तो हसला, पण हसण्यात खरखर होती. चांगलं ऊन असून गळ्यात मफलर. तिथे टेप लावूच देईना. "जुनं माप घे, जरा सैल ठेव," म्हणाला. पहिल्या फिटिंगला, "कॉलर उंच कर." पुढच्या फिटिंगला पुन्हा तेच.

"अरे, मान खाली घालता येणार नाही तुला!"

"चालेल गं... एवढा समर काढायचाय."

कॉलर डाव्या बाजूला फुगली होती. मी बोट लावायला गेले तर त्यानं माझा हात घट्ट धरला.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. गाठ आहे, ताबडतोब ऑपरेशन म्हणतात. गळ्याला भोक पाडणार. मग पाइप कायमचा बंद." आणि मग, "नीताला सांगितलंस तर आपली मैत्री संपली."

मैत्री गेली खड्ड्यात! मी त्याच संध्याकाळी नीताला सांगितलं. ती भांडली, रडली, हातापाया पडली. तो एकच धरून बसला, ऑपरेशन ऑटममध्ये. समरभर वाजवत राहिला. एका लग्नात मी त्याला पाहिलं. दोन सुरावटींच्या मध्ये तो पाहुण्यांकडे पाठ करून भिंतीला धरून उभा राहायचा आणि मग ताठ होऊन पुन्हा वळायचा. शेजारची बाई मला म्हणाली, काय रुबाबदार कोट आहे! मला तो कोट तिथल्या तिथे फाडावासा वाटला. ऑटममध्ये डॉक्टरांनी तपासलं आणि आता उपयोग नाही म्हणाले.

"घरात नको मला तो," म्हणत नीतानं डब्लेट परवा माझ्याकडे आणून दिला. माझ्या शिवणाच्या खोलीत लटकतोय. कॉलरच्या आतलं अस्तर एकाच बाजूला झिजलंय. मिलिटरी डब्लेट टांगताना कॉलरचे हुक लावून ठेवायचे, नाहीतर तिचा आकार बिघडतो. रोज काम आटोपलं की मी सगळ्यांचे हुक लावत जाते. माधवपाशी येते आणि तसेच उघडे सोडते.

बिघडू दे मेला आकार. श्वास घे रे.