ओढणीखालचे चट्टे

लस टोचून घेतल्यावर दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. शेजारी एक नवी सून ओढणी गळ्याशी घट्ट धरून बसली होती. मघाशी तिला लस टोचण्याआधी सिस्टरनं विचारलं होतं, "कशाची ॲलर्जी?" उत्तर सासूनं दिलं होतं. "आमच्याकडे असलं कुणाला काही नाही."

ओढणीच्या वर लाल चट्टे चढताना मला दिसले. असे चट्टे मी लांबून ओळखते. माझं लग्न ठरताना आईनं बजावलं होतं, शेंगदाणे सोसत नाहीत हे तिकडे बोलू नकोस. मग काय, मी उपासाची खिचडी हसत हसत खायची आणि न्हाणीघराचं दार लावून अंग खाजवत बसायची. ओठ सुजले तरी मधमाशी चावली म्हणून सांगायची. वर स्वतःला सोशिक समजायची. मूर्खपणाला किती छान नाव शोधलं होतं मी.

"सिस्टर, हिचा गळा बघा," मी म्हणाले.

तिला धाप लागली होती. डॉक्टर धावले, दुसरं इंजेक्शन दिलं. जरा सावरल्यावर ती पुटपुटली, "माहेरी एकदा इंजेक्शननं असंच झालं होतं."

"मग आधी सांगायचं ना," सिस्टर म्हणाली. "डॉक्टरांनी विचार करून ठरवलं असतं."

सासू म्हणाली, "लग्नाआधी सांगायचं होतं."

आता कसं वाटतंय, हे तिनं विचारलं नाही. पोरगी माझ्याकडे वळली. "आजी, तुम्ही कशाला बोललात?"

तेवढं बोलण्यापुरता श्वास तिला परत आला होता.